शक्ती, युक्ती आणि मैदान

चेंडूच्या खेळांविषयी एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. फुटबॉलचे जुने रसिक म्हणतात की, पूर्वीचा खेळाडू चेंडू खेळवीत असे, आजचा नुसता पळतो. हॉकीचे रसिक त्यात आपला सूर मिसळतात. जुन्या खेळाडूंच्या अंगी निसर्गाने दिलेले कसब होते, आजच्यांच्या अंगी व्यायामशाळेत कमावलेले बळ आहे. पूर्वी खेळ मनगटात होता, आता तो मांड्यांत आणि फुप्फुसांत उतरला आहे, असा या तक्रारीचा आशय असतो. मराठी माणसाला तर तिच्या पुष्टीसाठी म्हण शोधावी लागत नाही. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे त्याने सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणाऱ्या सशाच्या गोष्टीबरोबर लहानपणीच ऐकलेले असते.

म्हण खोटी नाही. परंतु गोष्टीतला ससा आणि सिंह हे दोन वेगळे प्राणी आहेत. खेळाडू मात्र एकच असतो, आणि शक्ती व युक्ती या दोघींना त्याच्या एकाच देहात नांदावे लागते. त्या कशा नांदतात हे जसे खेळाडूवर अवलंबून असते, तसेच, किंबहुना त्याहून अधिक, तो ज्या जमिनीवर खेळतो त्या जमिनीवर अवलंबून असते. या शेवटच्या गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

फुटबॉलचेच उदाहरण प्रथम घेऊ. १९७० साली मेक्सिकोत विश्वचषक जिंकणारा ब्राझीलचा संघ म्हणजे कलावंतांचा संघ, अशी जगभर ख्याती आहे. पेले, जर्झिन्हो, गेरसन, टोस्टाव ही नावे उच्चारताच जुन्या रसिकांचा चेहरा उजळतो. पण या संघाची पूर्वपीठिका फारशी सांगितली जात नाही. त्याआधी चार वर्षे, १९६६ साली, इंग्लंडमध्ये ब्राझील पहिल्याच फेरीत गारद झाला होता. प्रतिपक्षाच्या दांडगाईपुढे पेले जखमी होऊन पडले होते. त्या पराभवातून ब्राझीलने जो धडा घेतला तो कला सोडून देण्याचा नव्हता. १९७० च्या संघाच्या शारीरिक तयारीची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवण्यात आली त्यांत क्लाउदिओ कुतिन्हो हे सैन्यातील अधिकारी होते. अमेरिकेतील डॉक्टर केनेथ कूपर यांनी हवाई दलातील जवानांसाठी बारा मिनिटांच्या धावेची जी चाचणी योजली होती, ती त्यांनी या खेळाडूंना लावली. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत भल्याभल्यांना धाप लागते. इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. उरलेले तीन गोल ब्राझीलने उत्तरार्धात केले, म्हणजे प्रतिपक्षाचे पाय जड झाल्यावर. जगाने ज्याला कला म्हणून दाद दिली त्या खेळाच्या तळाशी दमसास होता.

आपल्याकडे फुटबॉलमध्ये हाच प्रश्न बुटांच्या रूपाने आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि अवघ्या एका गोलने, १-२ असे, हरले. अनवाणी पावलांची चेंडूवरील हुकमत पाहून इंग्रज प्रेक्षक थक्क झाले. चारच वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपला १-१० असा धुव्वा उडवला, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अंगठ्याच्या जाणिवेवर वाढलेल्या खेळाचे बुटांत मरण ओढवेल, असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली याच बूट घातलेल्या भारतीयांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदकही आपण जिंकले. कसब पावलांत होते हे खरे, पण ते अनवाणीपणात नव्हते.

भारतात ही परीक्षा सर्वांत कठोरपणे झाली ती मात्र हॉकीत. आणि तिचा पट एकाच शहराच्या आश्रयाने पाहायचा झाला, तर त्यासाठी काशीइतके योग्य शहर दुसरे नाही.

मराठी मनाला काशी जवळची आहे ती यात्रेमुळे, घाटांमुळे, अहिल्याबाईंनी उभारलेल्या विश्वनाथाच्या मंदिरामुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वस्ती करून राहिलेल्या शास्त्री-पंडितांमुळे. परंतु महाराष्ट्राने काशीला वेदपाठशाळांखेरीज आणखीही एक गोष्ट दिली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा प्रचारात आणली. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या धिप्पाड पहिलवानांचे आव्हान पेशव्यांच्या दरबारी कोणी स्वीकारीना, तेव्हा या तरुणाने सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली आणि मारुतीच्या प्रसादाने ही विद्या मिळवून अलीला चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. मल्लखांब ही कुस्तीला पर्याय म्हणून निघालेली विद्या नव्हे; मल्लाच्या बळाला लवचीकपणा यावा, पकडीला अंदाज यावा, म्हणून ती आली. या परंपरेतील कोंडभटनाना गोडबोले यांचा आखाडा काशीत नावाजलेला होता. काशीची स्वतःची आखाड्यांची परंपरा तर त्याहून जुनी. तुळशी घाटावरील आखाड्याचा संबंध लोक थेट गोस्वामी तुलसीदासांशी जोडतात. जोडी आणि गदा फिरवण्याचा व्यायाम त्या शहराच्या अंगवळणी पडलेला आहे.

आखाड्यात शक्ती मोठी की युक्ती, हा वाद कोणी घालीत नाही. भल्या पहाटे शेकडो जोर-बैठका काढणारा मल्लच संध्याकाळी डाव टाकतो. दंगलीला आलेल्या प्रेक्षकांना निमिषार्धात लागलेला डाव दिसतो. बैठका दिसत नाहीत. कसब ‘जन्मजात’ वाटू लागते ते बहुधा येथूनच.

आता हॉकीकडे वळू. हा खेळ इंग्रजांच्या छावण्यांतून भारतात आला. कलकत्त्यात बेटन चषकाची स्पर्धा १८९५ साली सुरू झाली आणि मुंबईत आगाखान चषकाची १८९६ साली. १९२८ ते १९५६ या काळात ऑलिंपिकची लागोपाठ सहा सुवर्णपदके भारताने जिंकली. या यशाचे श्रेय भारतीय मनगटाला देण्याची रीत आहे. मनगट होतेच, पण मनगट तसे का झाले, हे पाहिले पाहिजे.

उत्तर हिंदुस्थानातील मैदाने इंग्लंडच्या हिरवळीसारखी नव्हती. पावसाळ्यानंतर काही महिने गवत, पुढे उन्हाने भाजून निघालेली टणक जमीन, मधूनमधून खडे. अशा जमिनीवर चेंडू सरळ जात नाही. तो उडतो, अडखळतो, भलतीकडे वळतो. दूरच्या सोबत्याकडे चेंडू पाठवणे म्हणजे जुगार. तो काठीशी जवळ बाळगून स्वतःच पुढे नेणे हा शहाणपणा. मग तो नेताना प्रतिपक्षाला हुलकावणी देणे ओघाने आलेच. इंग्रजी काठीचे टोक लांब असे, तिने चेंडू उलट्या बाजूने खेळणे अवघड जाई. सियालकोट-जालंधरकडच्या कारागिरांनी तुतीच्या लाकडाला घट्ट बाक देऊन आखूड टोकाची काठी घडवली, आणि तिच्यामुळे चेंडू क्षणात डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे नाचवता येऊ लागला. म्हणजे ज्याला आपण निसर्गदत्त कौशल्य म्हणतो ते खडबडीत जमीन, आखूड टोकाची काठी आणि मोकळ्या मैदानावर घालवलेले असंख्य तास यांचे अपत्य होते. ध्यानचंदांचे मूळ नाव ध्यानसिंग. लष्करातील कामानंतर ते चांदण्या रात्री सराव करीत, म्हणून सोबत्यांनी त्यांना ‘चंद’ म्हणायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. ज्यांना जन्मजात जादूगार म्हणून गौरवले गेले, त्यांच्या नावातच सरावाची आठवण राहून गेली आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीवर ८-१ असा विजय मिळवताना, ओल्या मैदानावर पाय घसरत असल्याचे पाहून त्यांनी उत्तरार्धात खिळ्यांचे बूट काढून टाकले होते. जमिनीकडे लक्ष देणारा तो खेळाडू होता.

ती जमीन १९७६ साली बदलली. मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम हिरवळीवर झाले. आदल्याच वर्षी, १९७५ च्या मार्चमध्ये, क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे हरवून भारताने विश्वचषक जिंकला होता. मॉन्ट्रियलमध्ये भारत सातवा आला. ऑस्ट्रेलियाने आपल्याला १-६ असे हरवले. १९२८ पासून एकही ऑलिंपिक पदकाविना न गेलेल्या देशाचे हात प्रथमच रिकामे राहिले.

कृत्रिम हिरवळीने नेमके काय केले? तिने चेंडूचा लहरीपणा काढून घेतला. जोराने मारलेला चेंडू आता न अडखळता, न उडता मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. चेंडूच्या वेगाने कोणताही माणूस धावू शकत नाही. त्यामुळे चेंडू बाळगणाऱ्यापेक्षा तो पाठवणारा, आणि पाठवणाऱ्यापेक्षा तो येईल त्या मोकळ्या जागी आधीच धावत पोचणारा खेळाडू महत्त्वाचा ठरला. चेंडू विश्वासाने येत असल्यामुळे बचावफळीला तो काठी आडवी टाकून अडवता येऊ लागला. पूर्वी जो मोह पाडून चकवला जाई तो रक्षक आता निर्धास्त झाला. पुढे हिरवळीवर पाणी मारण्याची प्रथा आली आणि चेंडू आणखी वेगाने घसरू लागला. नियमही त्याच दिशेने सरकले. १९९२ पासून सामना चालू असताना खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा मिळाली. १९९६ साली ऑफसाइडचा नियम प्रथम प्रयोगादाखल उठवण्यात आला, तो दोन वर्षांनी कायमचाच गेला. पस्तीस मिनिटांचे दोन डाव जाऊन पंधरा मिनिटांचे चार आले. थकला की बाहेर, दम परतला की आत. त्यामुळे खेळाची गती साठ मिनिटे एकसारखी राहते. यांत खलपुरुष कोणी नाही. जमीन बदलली की तिच्यावरचे शहाणपण बदलते, इतकेच.

याच संधिकाळात काशीचा एक मुलगा पुढे आला. मोहम्मद शाहिद यांचा जन्म १४ एप्रिल १९६० रोजी वाराणसीच्या अर्दली बाजार भागातला. कचेरीच्या आसपासची ही दाट वस्ती. तेथील मुले जागा मिळेल तेथे खेळत. पुढे लखनौच्या क्रीडा वसतिगृहात त्यांना रीतसर शिक्षण मिळाले. ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक जिंकले, ते कुंवर दिग्विजयसिंह ‘बाबू’ उत्तर प्रदेशच्या क्रीडाखात्यात होते, आणि खेड्या-मोहल्ल्यांतील मुलांना एकत्र ठेवून शिकवण्याच्या प्रयत्नांना त्यांचा मोठा आधार होता. १९७९ साली फ्रान्समध्ये झालेल्या कुमारांच्या पहिल्या विश्वचषकात शाहिद खेळले. जानेवारी १९८० मध्ये कराचीच्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट आघाडीवीर म्हणून त्यांची निवड झाली. त्या वेळी त्यांना वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती, आणि पाकिस्तानी प्रेक्षक ही काही हॉकीतल्या कसबाला सहज दाद देणारी मंडळी नव्हेत.

शाहिद यांच्या खेळाचे वर्णन करणारे सगळे जण त्यांच्या हुलकावणीवर थांबतात. कमरेत वाकून, चेंडू काठीच्या दोन्ही अंगांनी झुलवीत ते पुढे येत. समोरचा रक्षक ज्या बाजूला झुकला त्याच्या विरुद्ध बाजूने ते निघून गेलेले असत. धड ढकललेला नाही आणि धड मारलेलाही नाही, असा चेंडू सोडण्याची त्यांची एक खास लकब होती; काठी उचलली न गेल्याने प्रतिपक्षाला अंदाज येत नसे. हे सर्व खरे आहे. पण हे सारे ते पूर्ण वेगात धावत असताना करीत, ही गोष्ट त्या वर्णनांतून बहुधा गळते. उभ्या उभ्या चेंडू नाचवणारे खेळाडू भारताच्या गल्लोगल्ली होते. धावण्याची गती किंचितही कमी न करता तो नाचवणारे फार थोडे. शाहिद यांना जुन्या पठडीचे शेवटचे कलावंत म्हणणे हा अर्धाच न्याय आहे. नव्या जमिनीची मागणी ओळखून जुने कसब वेगाला जोडणारे ते पहिल्यांपैकी होते.

१९८० चे मॉस्को ऑलिंपिक कृत्रिम हिरवळीवरच झाले. पश्चिम जर्मनी, हॉलंड, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया हे बलाढ्य संघ बहिष्कारामुळे आले नव्हते, हे मान्य करूनच त्या विजयाकडे पाहिले पाहिजे. २९ जुलैच्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनवर तीन गोलांची आघाडी घेतली होती. स्पेनने दोन गोल फेडून भारताला घाम फोडला. तेव्हा चौथा गोल शाहिद यांनी केला. स्पेनने आणखी एक गोल फेडला आणि सामना ४-३ असा संपला. त्यानंतर आजतागायत भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकलेले नाही.

पुढची कथा उताराची आहे, आणि ती लांबवण्यात अर्थ नाही. १९८२ च्या आरंभी मुंबईत झालेल्या विश्वचषकात भारत पाचवा आला. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला घरच्या मैदानावर १-७ असे लोळवले. लॉस एंजेलिसला १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीशी गोलशून्य बरोबरी झाली आणि उपान्त्य फेरी गोलफरकाने हुकली. १९८५-८६ मध्ये संघाचे नेतृत्व शाहिद यांच्याकडे आले. १९८६ च्या लंडन विश्वचषकात बारा संघांत भारत बारावा होता. त्याच वर्षी शाहिद यांना पद्मश्री मिळाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ते अखेरचे खेळले. त्या संघात काशीचेच विवेक सिंह होते.

या अधोगतीचे एक सोपे स्पष्टीकरण आपल्याकडे रूढ आहे. युरोपीयांना आपल्या कसबाचा पाडाव करता येईना, म्हणून त्यांनी जमीनच बदलली, असे ते सांगते. त्यात तथ्याचा अंश आहे. ज्या देशांजवळ पैसा होता त्यांच्या सोयीचा तो निर्णय होता. एक कृत्रिम मैदान घालायला काही कोटी रुपये लागतात, त्यावर रोज पाणी मारावे लागते, आणि सुमारे दहा वर्षांत ते झिजून बदलावे लागते. अर्दली बाजारातल्या मुलाला गवताचे मैदान फुकट मिळत होते. हॉलंड किंवा जर्मनीतल्या लहान गावात क्लबापाशी कृत्रिम मैदान आले. भारतात राज्याराज्यांत ती मैदाने बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही फार उशिरा आली. आपली मुले पंधरा-सोळा वर्षे एका जमिनीवर शिकत आणि राष्ट्रीय शिबिरात पोचल्यावर दुसऱ्याच जमिनीवर खेळत. बोटांना आणि डोळ्यांना लागलेली सवय त्या वयात उलटवणे हे बालवयात शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

पण कटाची ही उपपत्ती एका वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. पाकिस्तानने १९८४ चे ऑलिंपिक सुवर्णपदक त्याच कृत्रिम हिरवळीवर जिंकले. तीच काठी, तीच मनगटे, तीच गल्लीतली हुलकावणी. हसन सरदारांसारखा आघाडीवीर कोणत्याही अर्थाने युरोपीय पठडीचा नव्हता. तेव्हा मॉन्ट्रियलच्या हिरवळीने उपखंडातले कसब मारले, हे म्हणणे खरे नाही. आपल्याकडे निर्णय लांबले, मंजुऱ्या लांबल्या, संघटनांची भांडणे लांबली. तेवढ्या काळात एक पिढी निघून गेली. कारभाराच्या विलंबाला नियतीचे नाव देणे सोयीचे असते.

शाहिद यांचा वारसा कोठे उमटला, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत, धनराज पिल्ले आपल्या भावंडांबरोबर मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मऊ, धुळीच्या जमिनीवर खेळत वाढले. त्यांचा आदर्श होता काशीचा शाहिद. खडकीची ती मैदाने आणि अर्दली बाजार यांत शेकडो कोसांचे अंतर. पण जमीन एकाच जातीची होती, म्हणून खेळही एकाच जातीचा झाला. धनराज चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळले, सगळ्या कृत्रिम हिरवळीवर. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ साली बँकॉकला भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या शरीरयष्टीकडे पाहून कोणी त्यांना बलवान म्हटले नसते. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते तरुण युरोपीय रक्षकांच्या पुढे धावत होते. त्या धावण्याला कोणते नाव द्यावे, शक्ती की युक्ती?

शाहिद स्वतः शेवटपर्यंत काशी सोडून गेले नाहीत. वाराणसीच्या डिझेल रेल इंजिन कारखान्यात, ज्याचे नाव २०२० साली बनारस रेल इंजिन कारखाना असे झाले, ते रेल्वेचे क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत राहिले. २० जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. विवेक सिंह त्याआधीच, २००५ साली, अकाली गेले होते. विवेक यांचे बंधू राहुल सिंह १९९६ चे अटलांटा ऑलिंपिक खेळले आणि त्यानंतर पंचवीस वर्षे काशीचा एकही हॉकीपटू ऑलिंपिकच्या मैदानावर उतरला नाही. ज्या शहराने शाहिद दिला, त्याची ही स्थिती.

ती खंडित परंपरा ललित उपाध्याय यांनी जोडली. १९९३ साली जन्मलेल्या ललित यांचे शिक्षण आणि खेळाची उमेदवारी काशीच्या उदय प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात झाली. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे विस्तीर्ण मैदान शहरातल्या कितीतरी मुलांचे पहिले क्रीडांगण ठरले आहे. ललित हे शाहिद यांच्यासारखे प्रेक्षकांना खुर्चीवरून उठायला लावणारे खेळाडू नव्हेत. आधुनिक आघाडीवीराची बरीचशी कामे कोणाच्या नजरेत न भरणारी असतात. प्रतिपक्षाच्या रक्षकावर धावून जाऊन त्याला चुकायला लावणे, जागा मोकळी करणे, चेंडू गेला की लगेच मागे परतणे, दोन-तीन मिनिटे जिवाच्या आकांताने धावून बाकावर येणे आणि पुन्हा आत जाणे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीला ५-४ असे हरवून भारताने एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले, त्या संघात ते होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही होते. २०२५ साली ते आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाले.

पॅरिसच्या स्पर्धेतील एका सामन्याने मात्र जुन्या-नव्याचा हा प्रश्न विलक्षण रीतीने एकत्र आणला. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला भारताच्या अमित रोहिदास यांना तांबडे कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. अकरा जणांचे धावणे दहा जणांनी वाटून घेतले. गोलरक्षक श्रीजेश यांनी एकामागून एक हल्ले परतवले, आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पूर्वीच्या पिढ्या ज्याला नुसते पळणे म्हणून हिणवतील, त्या पळण्यावाचून हा सामना तेथवर पोचला नसता.

मग निर्णयासाठी शूटआउट झाले. या प्रकारात एक खेळाडू तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो. समोर एकटा गोलरक्षक. वेळ आठ सेकंद. पाठवायला सोबती नाही, धावून जायला मोकळी जागा नाही. चेंडू काठीशी धरून समोरच्याला कोणत्या तरी बाजूला झुकवायचे आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचे, एवढेच हाती असते. अर्दली बाजारातला मुलगा जे दिवसभर करीत असे तेच आधुनिक हॉकीने साठ मिनिटांच्या शेवटी, पाण्याने भिजवलेल्या हिरवळीवर, आठ सेकंदांत बंद करून ठेवले आहे. भारताच्या चारही खेळाडूंनी चेंडू जाळ्यात घातला आणि शूटआउट ४-२ असे जिंकले. तिसरा गोल काशीच्या ललित उपाध्याय यांनी केला. चौथा आणि निर्णायक गोल राजकुमार पाल यांनी केला. ते काशीशेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातील करमपूर गावचे.